सातव्या फेरीपर्यंतचा शेजारी

सूर्यमाळच्या आमच्या पाड्यावर रेंज फक्त एका ऐनाच्या झाडाखाली मिळते. सॉफ्टवेअर कंपनीची पहिली मुलाखत मी तिथूनच मोबाइलवर दिली, तेव्हा शेजारच्या उतारावर खालच्या पाड्याचा एक म्हातारा नागलीच्या रोपांसाठी वाफ्यावर पालापाचोळा जाळून राब भाजत होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. चौथ्या फेरीला त्याची लावणी चालली होती, सातव्या फेरीला कापणी. दर वेळी कान खाजवत विचारायचा, "अजून बघतातच का तुला?"

शेवटी "आपण उत्तम उमेदवार आहात, परंतु" असं ईमेल आलं. मी ते त्याला वाचून दाखवलं.

विळा खाली ठेवून त्याने माझा तळवा अंगठ्याने दाबून पाहिला.

"मऊ हाय. पण चालंल. दिवाळी झाली का वीटभट्टीवर चल, मुकादमाला मी सांगतो. तो एकदाच बघतो."