आक्काच्या मुंग्या

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — ते मलाही नीट कळत नाही.

मी बेळगावात चित्रकलेचा मास्तर होतो. निवृत्त झालो आणि डोक्यात खूळ शिरलं — जुन्या छापील पुस्तकांत गोष्टीचं पहिलं अक्षर कसं मोठं, वेलबुट्टीचं असायचं, तसं एक पुस्तक हातानं छापायचं. बारा गोष्टी, बारा ठसे. खानापुरातून शिवणीचं लाकूड आणलं. पण ठशावर अक्षर उलटं कोरावं लागतं, आणि माझा हात... काय सांगू? तीन फळ्या वाया घालवल्या.

मग बेळगावाजवळचं कंग्राळी गाव गाठलं. तिथं माझी चुलत बहीण असते, आक्का. सुताराची लेक. तिनं पेन्सिलही न टेकवता उलटा 'क' कोरला, भोवती भाताच्या लोंब्या. आणि अक्षराच्या पायाशी एवढीशी मुंगी.

"ही कशाला गं?"

"माझी खूण रं. नाव कशाला पायजे, मुंगी हाय की."

बाराही ठशांवर तिनं मुंगी ठेवली.

ठसे बघून लोक म्हणायचे, "मास्तर, काय हात आहे तुमचा!" मी नुसता हसायचो. नुसतं हसणं म्हणजे काय खोटं बोलणं? — असं मनाला समजावायचो. पण मुंगी कुणाची, असं कुणी विचारलं तर? एका दुपारी, छपाईच्या आधी, पटाशी घेतली आणि बाराही मुंग्या खरवडून टाकल्या. पुस्तकावर नाव एकट्याचं. माझं.

पुस्तक छापून झाल्यावर त्याचं प्रदर्शन भरवलं, त्याला आक्का इरकल नेसून आली. चष्मा लावून एकेका पानावर वाकली.

"मुंगी दिसंना रं."

"छापून छापून झिजली, आक्का."

संपलं आता, असं वाटलं मला. तर तिचा चेहरा उजळला. "अगं बया! एवढं छापलंस व्हय?" सगळ्या गल्लीला सांगत सुटली म्हणे. छापल्या होत्या चाळीस प्रती.

आता दुसऱ्या आवृत्तीची तयारी चाललीय. गेल्या महिन्यात आक्कानं नातीबरोबर आणखी एक ठसा पाठवला, न मागता. 'आ'. सोबत निरोप — "ह्या खेपेला मुंगी जाड ठेवलीया. झिजायची न्हाय."

खरंच जाड होती. गव्हाच्या दाण्याएवढी, सहाही पाय सुटे. किती तरी वेळ तो ठसा हातात धरून बसलो. लाज वाटली. डोळ्यांत पाणीही आलं.

मग पटाशी घेतली, आणि तीही काढली.