आक्कांचे पाठीमागचे हात

आमच्या आक्का कुणालाही मदत करीत नसत. राजारामपुरीतील आमच्या वृद्धाश्रमाच्या वार्षिक अंकात त्यांच्यावर जो लेख छापून आला आहे, त्यात ‘त्या आम्हांला आईच्या मायेने घास भरवीत’ असे वाक्य आहे. ते साफ खोटे आहे. ज्याचा हात स्वतःच्या तोंडापर्यंत पोहोचू शकत होता, अशा एकालाही आक्कांनी कधी घास भरवला नाही. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेल. परंतु मी सारी नोकरी भूमापन खात्यात केली आहे, आणि चांगल्या हेतूने सरकवलेला हद्दीचा दगडही सरकवलेलाच असतो, एवढे मला कळते.

आक्का म्हणजे आमच्या परिचारिका. वय पन्नाशीच्या आत. तरी ऐंशीचे म्हातारेही त्यांना आक्काच म्हणत. रोज सकाळी सातला त्या गडमुडशिंगीहून स्कूटरवरून येत आणि फाटकातूनच हाक देत, “उठलासा का समदी, का मीच येऊन उठवू?” काहींना हे ओरडणे उर्मट वाटे. मला वाटत नसे. आमच्या कोल्हापुरात हळू आवाजात फक्त वाईट बातमी सांगतात.

मी येथे आलो तेव्हा अर्धांगाच्या झटक्याने माझा उजवा हात दुबळा झाला होता आणि जीभ जड पडली होती. पहिल्याच सकाळी मी आक्कांना म्हणालो, “शर्टाची बटणे लावा. ते तुमचे काम आहे.”

“अण्णा, माझ्या हाताला काय झालंय? कायबी न्हाय. मग व्यायाम कुणाच्या हाताला पायजे?”

मी सर्वांसमक्ष त्यांना कामचुकार म्हटले. त्या हसल्या. “म्हना की! तेवढीच जीभबी चालतीया.”

बटणे सहा होती. पोहे गार झाले, चहावर साय धरली. हा प्रसंग सांगताना काहीजण मला दहा मिनिटे लागल्याचे म्हणतात. पाऊण तास लागला. तेवढा वेळ आक्का माझ्यासमोर हात पाठीमागे बांधून उभ्या होत्या. शेवटी चौथे बटण पाचव्या काजात गेले. मी ते काढू लागलो, तर म्हणाल्या, “राहू द्या, तसंच चला. उद्या सरळ हुईल.” दुसऱ्या दिवशी ते सरळ झाले नाही. बाराव्या दिवशी झाले.

या बाईंना कठोर म्हणणाऱ्यांनी त्यांची तयारी पाहिली नव्हती. ज्याची मूठ वळत नसे, त्याच्या चमच्याच्या दांड्याला त्या कापड गुंडाळून तो जाड करून देत. ताट सरकू नये म्हणून त्याखाली ओले फडके अंथरीत. जे अंथरुणाला खिळले होते, त्यांची कूस दर दोन तासांनी बदलत. त्यांच्या कारकिर्दीत कुणाच्याही पाठीला जखम झालेली मी पाहिली नाही.

माझे खोलीसोबती तात्या. त्यांची वाचा पूर्ण गेलेली, हात थरथरणारा. ते जेवताना आक्का त्यांच्यासमोर उभ्या राहत. बाकीच्यांना त्यांचा दगडासारखा चेहरा दिसे. माझी खुर्ची मागे भिंतीशी होती. मला त्यांचे पाठीमागचे हात दिसत. तात्यांचा चमचा कलला की आक्कांची बोटे हवेतच चमचा धरल्यासारखी मिटत, आणि डावा हात उजव्याचे मनगट घट्ट आवळून धरी.

मग दिवाळीनंतर तात्यांची लेक पुण्याहून आली. वडिलांच्या छातीवर आमटी सांडलेली आणि आक्का शांत उभ्या, हे पाहून तिने तक्रार केली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी व्यवस्थापकांनी लेकीसह सर्वांदेखत आक्कांपुढे माफीचा कागद ठेवला. यापुढे मी वृद्धांना भरवीन, अशी हमी त्यात होती.

“भरवायला काय कठीण हाय? उलट तेच सोपं,” आक्का म्हणाल्या. “पन महिनाभर भरवलं की हात इसरतोय.”

येथे तात्यांनी ताट अभिमानाने स्वतःकडे ओढले, असे सांगितले जाते. ओढले नाही. तात्यांनी लेकीकडे पाहून तोंड उघडले. आक्कांनी चमचा लेकीच्या हाती दिला. “घाला, ताई. लेकीच्या हातचा घास हाय, मी कशाला आडवी येऊ? पन उद्या तुमी पुन्याला जानार. परवा ह्यो हात उचलला पायजे.”

लेक रडत रडत भरवत राहिली. आक्कांनी सही केली नाही, आणि महिनाअखेरीस त्या गेल्या. निघताना मला म्हणाल्या, “येतो अण्णा. थंडी हाय म्हनून वरचं न लावलेलं बटण स्वेटरखाली झाकायचं न्हाई.”

गुडघेदुखीमुळे त्यांनी काम स्वतःहून सोडले, असे आता व्यवस्थापक म्हणतात. तीन मजले दिवसातून दहादा चढणाऱ्या बाईचे गुडघे उत्तम होते. त्या गेल्या, कारण त्या दुपारी आम्ही बाराजण गप्प बसलो. त्यांत मीही होतो. ती बोटे पाहिलेला मी एकटाच साक्षीदार. परंतु तात्यांच्या लेकीसारख्या परक्या बाईसमोर माझी जीभ अडखळेल, याची मला लाज वाटली. आयुष्यभर मोजणीच्या दगडावर उभा राहून गावांशी भांडलेला माणूस मी, आणि चार वाक्ये बोललो नाही.

नव्या परिचारिका तात्यांना प्रेमाने भरवतात. त्यांचा शर्ट स्वच्छ असतो. हात मांडीवर पडून असतो. परवा माशी हाकलायलाही तो उठला नाही.

आक्का सध्या कुरुंदवाडला घरोघरी जाऊन रुग्णांचे पाहतात. मी फोन केला. “बोलवा की, येतो,” त्या म्हणाल्या. “पन सही न्हाई करनार.” रविवारी व्यवस्थापक मंडळाची सभा आहे. आक्कांना परत बोलावावे, ही मागणी मी तेथे हा मजकूर स्वतः वाचून करणार आहे. मी अडखळेन. वेळ लागेल. मध्ये कुणीही मला शब्द पुरवू नये.