पडद्याआडचे मिस्त्री

आमच्या गल्लीतल्या मिक्सरवाल्या मावशी मोटर उघडतात, नुसता वास घेतात आणि जळलीय का ते सांगतात. तरी गिऱ्हाईक म्हणतंच, "एकदा मिस्त्रींना विचारा ना." मावशी निमूट पडद्याआड जातात, परत येऊन तेच सांगतात, आणि गिऱ्हाईक लगेच मान डोलावतं. मघाशी मीही त्यांना तसंच विचारायला पाठवलं.

पण हे मिस्त्री कधी बाहेर कसे येत नाहीत? माझा भोचक स्वभाव मला गप्प बसू देईना. मी हळूच पडदा सारला. आत एक स्टूल आणि पाण्याची बाटली.

"अहो मावशी, इथे तर कुणीच नाही!"

"मी जाते की. घोटभर पाणी पिते नि येते."

"आणि एवढ्यावर लोकांना पटतं?"

स्क्रू पिळता पिळता मावशींनी वर पाहिलं.

"तुला नाही का पटलं, बाई?"