साच्याची ऊब

वितळलेला मिश्रधातू झपाट्यानं थंड होताना कसा गोठतो, हे संगणकावर पाहण्यात तिची सात वर्षं गेली होती. आज पडदा ठणकावून सांगत होता, आता ओतलं तर पंख्याचं पातं बुडाशी तडकणार. आणि ओतकाम करणारे होते तिचेच बाबा.

“बाबा, ओतू नका!”

“मला शिकवू नकोस,” म्हणत त्यांनी ओतलंच. धातू निवला. साचा उघडला, तर तडा औषधालाही नाही.

“तुझ्या हिशेबात साचा किती गरम धरलास?”

“खोलीइतकाच.”

“अगं, धातू सावकाश निवावा म्हणून सकाळपासून शेकतोय मी त्याला! विचारायचंस तरी.”

तिची मान खाली गेली. लहानपणापासून ती त्यांच्या भाजलेल्या बोटांना मलम लावत आली होती. ती बोटं कशानं भाजतात, हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं.