बिलकुल न्हाई, ताई

दैवशालाताई अंबडच्या घरी बसून सहा जणांची टीम सांभाळते, असं कंपनीच्या कागदावर लिहिलेलं आहे. त्यातलं 'बसून' एवढं खोटं. पायात चप्पल, कानात हेडफोन आणि अंगणात दिवसभर येरझाऱ्या. तिच्या सासूबाई द्वारकाबाई तुरी निवडता निवडता म्हणतात, "एवढं नाकासमोर चालली असती तर जालन्याला जाऊन परत आली असती बाई."

काम असं : बियाण्याच्या कंपनीला शेतकऱ्यांचे फोन येतात, कपाशी लाल पडली, उगवण झाली नाही. ते आम्ही आपापल्या घरून घेतो. त्या सहांतला मी एक. आधी सगळे जालन्याला एका खोलीत बसायचो. तिथं ताईला काही विचारावं लागत नव्हतं. कोणी डबा न उघडताच परत बांधला, की तिला कळायचं. खोली बंद झाली आणि तिच्याजवळ उरले स्क्रीनवर आमच्या नावापुढचे हिरवे ठिपके. ठिपका काही डबा परत नेत नाही.

म्हणून रोज सकाळी नऊला ती एकेकाला विचारायची, "काही अडचण?"

"बिलकुल न्हाई, ताई." सहाही जण, एका सुरात. मोठ्या बहिणीसारखी बाई. तिला सकाळी सकाळी रडगाणं कोण ऐकवणार? माझा इन्व्हर्टर बंद पडला होता, मोबाइलवर चार टक्के बॅटरी होती, तरी मी हेच म्हणालो. ते शेवटचे चार टक्के त्या खोटं बोलण्यातच गेले.

सोमवारी जालन्याहून साहेबांचा फोन आला. नाहिदच्या फारच तक्रारी आहेत, शेतकऱ्यांना तिचं बोलणं कळत नाही, शुक्रवारपर्यंत सुधारलं नाही तर तिला काढा.

नाहिद घनसावंगीची. नुसतं वर्णन ऐकून पानावरची कीड ओळखणारी. तिला काढायचं म्हणजे टीमचा उजवा हात काढायचा. ताईच्या येरझाऱ्या अंगणातून गल्लीत आल्या. सोमवारी तिनं नाहिदला दोनदा फोन केला, मंगळवारी चारदा.

"नाहिद, खरं सांग, काही अडचण हाय का?"

"नहीं ताई, सब बराबर है."

बुधवारी ताईनं नाहिदची रेकॉर्डिंग काढून ऐकली आणि मला बोलावलं. मी दोन गल्ल्या पलीकडेच राहतो. "कल्याण, ऐक. तिच्या मागं काय वाजून राह्यलंय?"

मी ऐकलं. "पिठाची गिरणी हाय, ताई."

"तिच्या घरात?"

"मोठं खानदान असंल."

ताई हसली नाही. गुरुवारी सकाळी तिनं कोणालाच अडचण विचारली नाही. मला म्हणाली, "गाडी काढ."

"घरून काम करायचं म्हणली होतीस ना?" द्वारकाबाईंनी मागून विचारलं. तोवर आम्ही वळणावर होतो.

नाहिदची आई कमरबी दारातच भेटली. तिनं हात करून दाखवलं, "वो गिरणी में बैठी." गिरणीच्या मागच्या बाजूला, पोत्यावर, भुवया पांढऱ्या झालेली नाहिद एक कान दाबून कुणाला तरी बोंडअळी समजावत होती. आम्हाला बघून ती धडपडत उठली आणि त्या आवाजावर आवाज चढवून ओरडली, "सब बराबर है, ताई!"

ताई शेजारच्या पोत्यावर बसली. कितीतरी दिवसांनी तिला बसलेलं मी पाहिलं.

"घरी रेंज न्हाई?"

"पंधरा दिवस झाले. फक्त इथंच येते, ती पण एकच दांडी."

"मंग सांगितलं का न्हाई?"

नाहिदनं ओढणीनं तोंड पुसलं. "तुम्ही दिवसात चार-चारदा विचारून राह्यल्या. मला वाटलं, तुम्हीच एवढ्या घाबरलेल्या, त्यात माझं अजून कुठं टाकू?"

गिरणीवाल्यानं दुसरा डबा ओतला. ताईनं तिथूनच साहेबांना फोन लावला आणि एका दमात सांगितलं : शेतकरी पानांचे फोटो पाठवतात, त्यांना उत्तरं लिहायचं काम नाहिदला द्या, एका दांडीवर फोटो हळूहळू का होईना, उतरतो, आणि फोटोला गिरणी ऐकू जात नाही.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"बघतो म्हणाले."

शुक्रवारी दिवसभर ताई गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येत होती. संध्याकाळी पाचला निरोप आला : एक महिना बघू. नाहिदचं नाव राहिलं.

शनिवारी नऊला ताईनं आम्हाला काही विचारलं नाही. म्हणाली, "आज आधी माझी अडचण सांगते. मला एका जागी बसवत न्हाई. तुम्ही दिसत न्हाई, मंग जीव थाऱ्यावर राहत न्हाई. आता ज्याला सांगायचंय त्यानं सांगा."

मी घसा खाकरला. "ताई, माझा इन्व्हर्टर दोन महिन्यांपासून बंद हाय." त्यानंतर कोणी थांबेना. कोणाचा हेडफोन तुटलेला, कोणाच्या घरी लहान लेकरू, कोणाला दुपारची पाळी झेपत नाही. साडेनऊपर्यंत पाच अडचणी जमल्या.

"झालं समाधान?" द्वारकाबाई म्हणाल्या. "आता बस जराशी."

"पाच हायेत, आत्या," ताई म्हणाली आणि चप्पल शोधायला लागली.