खेळाच्या डब्याची खोळ

११ जानेवारी २०२५, शनिवार, सकाळचे साडेआठ. ओट्यावर चटई अंथरून मी खेळाचा डबा उघडण्यास बसलो.

डबा म्हणजे टीव्हीला जोडून खेळण्याचे यंत्र. मुलगी सुरतेला नोकरी करते. स्वतःचा वापरलेला डबा तिने दिवाळीत आणून ठेवला. मी वीज खात्यात मीटर तपासनीस होतो. असल्या वस्तूला घरात जागा देणे मला पसंत नव्हते. परंतु तो माझ्यासाठी आणलेला नव्हता. पावसाळ्यात पत्नीच्या डाव्या अंगावरून वारे गेले. पाय सुधारला, हात मागे राहिला. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दाबण्यासाठी रबरी चेंडू दिला. "हाऊ काय, लहान पोरंस्ना खेळ," असे म्हणून तिने तो मांजरापुढे टाकला. मोटारीचा खेळ मात्र तिने धरला. त्यात गाडी डाव्या अंगठ्याने वळवावी लागते. मिटलेली बोटे त्या निमित्ताने उघडू लागली होती.

त्या आठवड्यात डबा बंद पडला. दिवा नाही, आवाज नाही. बाजारातल्या दुकानदाराने तो न उघडताच सांगितले की बोर्ड गेला आहे, सुरतेला पाठवावा लागेल, महिना तरी लागेल आणि खात्री देता येणार नाही. बाईंनी पूर्वीच बजावले होते की सुटू लागलेला हात थांबवला तर पुन्हा आखडतो. शनिवारी सकाळी पत्नीने चहाचा कप उजव्या हाताने उचलला. डावा तिने पदराखाली ठेवला होता. मी पक्कड आणि मल्टिमीटर काढले.

आमचे शेजारी एसटीचे निवृत्त चालक आहेत. ते रोज आमच्याकडे वर्तमानपत्र वाचण्यास येतात. चटईवरचा पसारा पाहून ते दारातच थांबले.

"काय आबा, जन्मभर लोकस्नी लाईट कापी, आते जोडाले निंघनात?"

"भाऊ, तुम्ही बठा," पत्नी आतून म्हणाली. "मधमा बोट घालू नका, नही त तुम्हनीच लाईट जाई."

प्रथम भिंतीतले बटण तपासले. तेथे वीज होती. मग वायर तपासली. ती अखंड होती. म्हणजे दोष डब्याच्या आत होता.

डब्याचे स्क्रू ताऱ्याच्या आकाराचे निघाले. तसला पेचकस माझ्याकडे नाही. बारीक चपटा पेचकस कानशीने घासून खाचेत बसेल असा केला. स्क्रू आखूड-लांब होते आणि त्यांची जागा बदलून चालत नाही. म्हणून कणकेचा गोळा ताटात थापला आणि जो स्क्रू डब्यात जेथे होता, तेथेच कणकेत रोवला.

"मन्ही कणिक!" पत्नी म्हणाली.

पावसाळ्यापासून कणिक मीच मळतो, हे मी तिला सांगितले नाही. तिला ते माहीत आहे.

झाकण निघाले. आत पंख्यावर आणि त्यामागच्या पत्र्याच्या पात्यांवर लाल थर बसला होता. त्याचे कोणालाही नवल वाटले नाही. आमच्या वस्तीपलीकडे मिरचीच्या पथाऱ्या आहेत. हंगामात ओल्या मिरच्या जमिनीवर पसरून वाळवतात आणि वारा सुटला की लाल भुकटी सर्व घरांत येते. मी नाकाला ओला रुमाल बांधला, पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवले आणि सायकलच्या पंपाने हवा मारली. भुकटी उडेल त्या बाजूस उभे राहू नका, असे शेजाऱ्यांना सांगितले होते. त्यांनी तीस वर्षे घाटातून गाडी चालवली होती, त्यांना माझा सल्ला नको होता. पुढचा काही वेळ ते मोरीत डोळे धूत होते.

पत्नी हसली. तिचे तोंड अद्याप एका बाजूनेच हसते.

थर निघाला, पण तेवढ्याने यंत्र मरत नाही. वीज घेणारा भाग मी वेगळा काढला. त्यात एक मोठा कपॅसिटर असतो. वायर काढल्यावरही तो वीज धरून ठेवतो आणि हाताला झटका देतो. जुन्या बल्बच्या दोन तारा त्याला लावून तो रिकामा केला. फ्यूज शाबूत होता. मग तो भाग एकटाच लाकडी पाटावर ठेवून वीज दिली आणि सर्वांना दूर केले. यंत्र झोपलेले असतानाही या भागातून पाच व्होल्ट मिळावे लागतात. मीटर तीनच्या आसपास नाचत होता. बोर्ड गेलेला नव्हता. त्याला जागे होण्यापुरती वीज मिळत नव्हती.

वीज काढली, मोठा कपॅसिटर पुन्हा रिकामा केला आणि भिंग घेतले. बाहेर जाणाऱ्या तारांजवळच्या एका लहान कपॅसिटरची टोपी फुगली होती. शेजारचे सर्व सपाट होते. फुगलेला आतून वाळलेला असतो, आणि तो वाळतो उष्णतेने.

तसाच दुसरा हवा होता. शेजाऱ्यांच्या माळ्यावर बंद सेट टॉप बॉक्स पडला होता. ते स्वतःहून घेऊन आले. त्यातल्या कपॅसिटरवरचे आकडे जुळले. तो काढून मीटरवर तपासला. सोल्डरिंग गन तापवली, जुना उतरवला, ऋण बाजूची पट्टी पाहून नवा बसवला. पुन्हा पाटावर वीज दिली. मीटर पाचवर स्थिर उभा राहिला. मग वीज काढून तो भाग डब्यात परत जोडला; उलटा जोडला की दुसरी संधी नसते, म्हणून सावकाश जोडला. स्क्रू कणकेतून एकेक काढून, पुसून, आपापल्या जागी बसवले.

दुपारी डबा टीव्हीला जोडला. पत्नी समोर बसली. कळ तिने दाबली. बारीक आवाज झाला आणि निळा दिवा लागला.

"जिवत व्हयना," ती म्हणाली.

अंगठा प्रथम वळला नाही. तिने उजव्या हाताने त्याला जागेवर बसवले. गाडी पहिल्याच वळणावर दरीत गेली. दुसऱ्यांदाही गेली. शेजारी मागे उभे होते.

"वहिनी, तोरणमाळना घाटमा मी अशी चालाडी असती त मन्ही नोकरी पह्यलाज दिन गयी असती."

"तुम्हना हात बरा व्हता, भाऊ."

तिसऱ्यांदा गाडी वळणावरून गेली. बराच वेळ ती रस्त्यावर राहिली.

मग तिने मान न वळवता म्हटले, "खोळ आना. धूळ उडी ऱ्हायनी."

येथे सांगणे भाग आहे. मिरचीचा हंगाम लागला की आमच्या भागात मिक्सर, टीव्ही, शिलाई मशीन, सर्वांना खोळी चढतात. उघडे यंत्र म्हणजे बेपर्वा घर. डब्यासाठी खोळ पत्नीने शिवली होती, माझ्या जुन्या पँटच्या जाड कापडाची. आजारानंतर तिने हाती घेतलेले ते पहिले शिवण. टाके वाकडे होते, पण कोठे सुटलेले नव्हते. वायरींसाठी एक फट आणि खाली घट्ट नाडी होती. डबा चालू असतानाही खोळ त्यावरच असे.

"खोळ नको," मी म्हणालो.

"काब्र?"

"हवा जाण्याची छिद्रे तिच्याखाली बंद होतात. कपॅसिटर उष्णतेने गेला."

तिने खेळ थांबवला. "म्हणजे मन्ही खोळनीच मारा त्याले?"

दुसरे उत्तर देता आले असते. ते खोटे ठरले असते आणि यंत्र पुन्हा मेले असते. मी हो म्हणालो.

शेजाऱ्यांनी वर्तमानपत्राची घडी केली आणि ते घरी गेले.

पत्नीचा डावा हात पुन्हा पदराखाली गेला. खेळायच्या वेळी खोळ काढावी, नंतर घालावी, असे मी सुचवले.

"काढू-घालू कशी?" ती म्हणाली. "ती नाडी दातघाई बांधेल शे. या हातघाई सुटस का?"

नाडी तिने दातांनी आवळली होती आणि डाव्या हाताने ती सुटणार नव्हती, हे माझ्या लक्षात आलेले नव्हते.

संध्याकाळी चहानंतर तिने खोळ मांडीवर ओढली आणि कात्री मागितली.

"छिद्रं कोठे शेत, दखाडा."

मी खोळ डब्यावर चढवली, बोटाने चाचपून दोन्ही बाजूंच्या जाळ्या शोधल्या आणि खडूने चौकोन आखले. मागचा तिसरा, पंख्यापुढचा, सर्वांत मोठा आखला. कापताना कापड डाव्या हाताने धरावे लागते. तिने ते धरले. दोनदा सुटले. मी हात पुढे केला नाही. तिसरा चौकोन कापायला पहिल्या दोहोंहून अधिक वेळ लागला, पण कडा सरळ आली.

उघड्या चौकोनांतून भुकटी जाईल, हे तिनेच सांगितले. मी जुनी मच्छरदाणी काढली, तिचे तीन दुपदरी तुकडे शिवणीपुरते जास्त ठेवून मापाने कापले, ते तिच्यासमोर ठेवले आणि सुईत दोरा ओवून दिला.