उपाशी टाकीसाठी वारजे-धायरी

आमच्या ह्यांनी निवृत्तीनंतर जी खुळं घेतली, त्यांत बायोगॅसचा नंबर होमिओपॅथीनंतर लागतो. नारायण पेठेतल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर निळी टाकी बसली, पण शेणाचा काला ओतून व्हायच्या आधीच ह्यांनी सगळ्या मजल्यांना गच्चीवर चहाचं आमंत्रण देऊन टाकलं. महिना उलटला तरी शेगडी पेटेना. "रविवारी पेटली तर ठीक, नाहीतर टाकी खाली," चेअरमननी सुनावलं. मला टाकीचं काही सोयरसुतक नाही, पण हे जिन्यात लोकांची नजर चुकवायला लागले, ते मात्र बघवेना. शुक्रवारी मीच म्हटलं, चला, ज्यांची पेटते त्यांच्याकडे बघून तरी येऊ.

स्कूटरने जाणार असाल तर ऑफिसची गर्दी सुरू व्हायच्या आत निघा. वाटेत कर्वेनगरला इडली खाल्ली. चटणी दुसऱ्यांदा मागितली तर देतात, पण आधी तुमच्याकडे नीट बघून घेतात.

वारज्याला ह्यांच्या मित्राचा मुलगा निनाद आणि त्याची बायको राहतात. पत्ता विचारावा लागला नाही, वास आला तिकडे वळलो. "काका, सिस्टीम एकदम सेट आहे, फक्त थोडा स्मेल इश्यू आहे," निनाद म्हणाला. उरलेली बिर्याणी, नूडल्स, लिंबाची आणि संत्र्याची सालं, सगळं टाकीच्या घशात. पोरांनी तिला अजीर्ण करून ठेवलेलं. लायटर लावला, फुस्स झालं. दोघं जेवण बाहेरूनच मागवतात, तेव्हा पेटली असती तरी तिच्यावर शिजवणार काय होते, देव जाणे.

हायवेने धायरीला गेलो. पुलाखाली अडकायची तयारी ठेवा, पाण्याची बाटली घ्या. सुमनताई ह्यांच्या बँकेतल्या जुन्या खातेदार. शेतात आता टॉवर उभे आहेत, पण बंगल्यामागे हौसेने दोन म्हशी राखल्यात. आणि शेगडी! निळी, सरळ ज्योत. ह्यांनी तिच्यासमोर हात जोडायचेच बाकी होते.

"टाकी कुठं पळून जाती व्हय? आधी जेवायचं," ताई म्हणाल्या. पिठलं, भाकरी, भरीत, भात; नको म्हणेपर्यंत वाढलं, आणि नको म्हटल्यावर आणखी वाढलं. जन्मात पहिल्यांदा आमच्या ताटांत अन्न उरलं.

"तुमच्या टाकीला रोज काय घालता?" ताईंनी विचारलं.

हे ताठ बसले. "आमच्याकडे काही वाया जातच नाही. दुधीच्या सालांची चटणी होते, शिळ्या पोळीचा कुस्करा, उरल्या भाताला फोडणी."

"मग टाकीला?"

"चहाचा चोथा," मी म्हटलं. "तोही गुलाबाला घालून उरला तर."

ताईंनी तोंडाला पदर लावला. "अवो, उपाशी हाय ती. गॅस कशाचा व्हायचा?"

ह्यांनी आपलं ताट थोडं पुढे सरकवलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "ताई, हे उरलेलं आम्ही नेलं तर चालेल?"

"उष्टं कशाला? ताजं बांधून देते की."

"नको. उष्टंच हवं."

पंगतीत शेजाऱ्याच्या पानातलं शीत उडालं तरी सरकून बसणारा हा माणूस! मला हसू आवरेना आणि वाईटही वाटलं. ताईंनी घरातलं सगळं खरकटं रंगाच्या बादलीत भरून दिलं. सिंहगड रस्त्याने परत येताना दांडेकर पुलाच्या सिग्नलला शेजारचा रिक्षावाला बादलीत डोकावून म्हणाला, "काका, लग्न जोरात झालेलं दिसतंय."

रविवारी शेगडी पेटली. चेअरमन चहा प्यायले, "साखर कमी आहे," म्हणाले. आमच्याकडे याला अभिनंदन म्हणतात. ह्यांनी चष्मा काढून उगाचच पुसला. बरं वाटलं मला, खोटं कशाला सांगू.

सहलीचं फलित म्हणाल तर टाकी राहिली आणि ह्यांची मानही राहिली. प्रश्न तिच्या रोजच्या जेवणाचा. अन्न उरवायची सवय आम्हाला या वयात लागायची नाही. शेवटी हे सकाळी उठून तिच्यासाठी वेगळा भात लावायला लागले. परवा मी शेजारी जाऊन उभी राहिले.

"अहो, हा भात सिलिंडरवर शिजतोय. दिसतंय ना?"

"दिसतंय," हे म्हणाले. "झाकण ठेव त्यावर, गॅस वाया जातोय."